मनकर्णाचा हेल

“माझी आई रडते. फार चांगली रडते.”

वनितानं पहिलं वाक्य वाचलं आणि खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं कागद खाली केला नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या तांबड्या झाल्या. मग तेच वाक्य तिनं पुन्हा वाचलं, जरा चढ्या आवाजात.

हसणारा सोपान होता. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो सावरून बसला. “तसं न्हाई मॅडम. हिच्या आईला आमच्याकडं रडकी मनकर्णाच म्हणत्यात. कुठं मयत झाली की पहिलं बोलावणं हिच्या वस्तीवर.”

“आणि तुझी आजी गेली तेव्हा कोण आलं होतं रे?” वनिता म्हणाली.

सोपान वहीची कड कुरतडायला लागला.

“सांग की. तुझा बा दगडासारखा बसला होता. पाणीसुद्धा घेत नव्हता. त्याला कुणी रडवलं?”

“तुझ्या आईनं,” सोपान खाली मान घालून म्हणाला.

“मग हसतोस कशाला?”

बुधवारी तास संपले की माझी पाचसहा मुलं मराठी विभागाच्या त्या खोलीत जमायची. माणदेशातलं तालुक्याचं कॉलेज ते. खिडकीतून बाहेर बघावं तर एक बोरीचं झाड आणि पुढं नजर पोचेल तिथवर उघडा माळ. मी कोल्हापुरात वाढलेली, तिथं नव्यानंच लागलेली. बी.ए.च्या मुलांनी शोधनिबंध लिहावा, नुसता लिहू नये, तर तो चांगल्या नियतकालिकात छापून यावा, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. प्राचार्य म्हणायचे, “मॅडम, आधी पास तर होऊ द्या त्यांना.” मी म्हणायचे, विहिरीला पाणी आहे की नाही ते खणल्याशिवाय कळतं होय?

बाकीची मुलं संतांवर लिहीत होती, कादंबऱ्यांवर लिहीत होती. म्हणजे गाइडात होतं ते जरा उलटंपालटं करत होती. वनिता लवटे एकटीच अशी होती, की जिनं पुस्तकात नसलेलं काही आणलं होतं.

तिनं आणला होता हेल. मयताच्या घरी बायका गळ्यात गळा घालून, सूर लावून, शब्द जुळवून रडतात, तो हेल. लहानपणापासून ती आईच्या पदराला धरून मयतीला जात आली होती. बाकीची पोरं भिऊन आत पळायची, ही ऐकत बसायची. आणि ऐकता ऐकता हिच्या ध्यानात आलं होतं, की या रडण्याला घडण आहे.

“आधी हाक असते, मॅडम. मेलेल्या माणसाला नावानं, नात्यानं हाका. मग भांडण असतं. असा कसा गेलास, अमकं का नाही सांगितलंस, म्हणून. आणि मग हवाली. म्हणजे त्याच्या मागं जे जे राहिलं, ते कुणाकुणाच्या हवाली करायचं. म्हैस ह्याच्या हवाली, नातू त्याच्या हवाली, दारातली तुळस सुनेच्या हवाली. आई एकेक नाव घेते आणि त्या त्या माणसाचा बांध फुटतो.”

“आणि मग?”

“मग काय? मग संपतं.”

“कसं संपतं?”

ती विचारात पडली. “संपत नाही खरं तर. कुणीतरी थांबवतं.”

त्या दिवशी मी तिच्या कागदावर लाल शाईनं पहिलं काम काय केलं असेल, तर ‘माझी आई रडते’ हे वाक्य खोडलं. तिथं लिहिलं, ‘प्रस्तुत अभ्यासातील गायिका’. तिला समजावलं, की शोधनिबंधात आई नसते, मावशी नसते. तिथं पुरावा असतो. तिनं मान हलवली. जाताना दारात थबकली. “मॅडम, हे छापून येईल?”

“येईल. काम केलंस तर.”

“मग खाली आईचं नाव पण येईल?”

“येईल की. गायिका म्हणून.”

“रडकी म्हणून नाही,” ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. तिनं स्वतःशीच खुंटी हलवून बळकट केली.

तिथून पुढं ती पोरगी झपाटल्यासारखी कामाला लागली. मी एक खर्डा परत करावा, तिनं पुढच्या बुधवारी दुसरा आणावा. मी ‘अत्यंत हृदयद्रावक’ खोडायचे. ती म्हणायची, “मग काय लिहू? ऐकताना काळीज हलतं.” मी म्हणायचे, “ते तू सांगू नकोस. ओळ दे, ज्याचं हलायचं त्याचं हलेल.” एस.टी.च्या धक्क्यात लिहिलेली तिची अक्षरं वेडीवाकडी पळायची, पण विचार सरळ रेघेत चालायचा. दिवाळीच्या आत निबंध उभा राहिला. पुण्याच्या एका त्रैमासिकाकडे आम्ही तो धाडला आणि तिनं विभागातल्या सगळ्यांना शेंगदाण्याचा लाडू वाटला. सोपानला दोन दिले.

संपादकांचा फोन आला तेव्हा ती माझ्या समोरच बसली होती.

“मुलीला दृष्टी आहे,” ते म्हणाले. “मला छापायचंय. पण बाई, हे सगळे तुकडे आहेत. आठवणीतून लिहिलेल्या ओळी. एक तरी हेल आरंभापासून शेवटापर्यंत, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेला, जोडायला हवा. आणि शेवट कसा होतो त्यावर एक अक्षर नाही. रचना म्हणता, तर रचनेला शेवट असतो ना? ते द्या. गुढीपाडव्याच्या अंकात घेतो.”

फोन ठेवला. वनिताचा चेहरा पडला होता.

“अगं, सोपं आहे. आईला म्हणावं, एक हेल म्हणून दाखव. मी रेकॉर्डर घेऊन येते.”

“नाही म्हणणार ती,” वनिता म्हणाली. “तुम्ही येऊन बघा, पण नाही म्हणणार.”

रविवारी मी तिच्या वस्तीवर गेले. डांबरी रस्ता सोडून माळातून पायवाट, मग बाभळीचं कुंपण, मग दोन खोल्यांचं घर. वनिताचे वडील मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरले होते. दिवाळीनंतर ही सगळी वस्तीच अशी बाप्यांवाचून असायची. अंगणात लिंबाखाली बाजेवर वनिताचे आजोबा पडून होते. पाय गेलेले, दमा लागलेला, नजर मात्र शेरडासारखी चलाख.

“ही का तुझी मास्तरीण?” आबांनी मला न्याहाळलं. “बारीक हाय. कॉलेजात जेवाय घालत न्हाईत वाटतं.”

मनकर्णा आतून आली. मी कल्पनेत कुणीतरी थोराड, दणदणीत आवाजाची बाई रंगवली होती. ही तर काटकुळी, हळू बोलणारी, हसताना तोंडावर पदर धरणारी. तिनं मला चहा दिला, भाजक्या शेंगा दिल्या. स्वतः मात्र काही घेतलं नाही. एक हात कुशीवर दाबून भिंतीला टेकून बसली.

मी रेकॉर्डर बाहेर काढला. चालू केला की तांबडा ठिपका लागतो, तो दाखवला. विनंती केली. ती ऐकून घेऊन हसली.

“न्हाई जमायचं, बाई. घरात मयत नसताना गळा काढायचा नसतो. घरावर येतं.”

“घरात नको. माळावर जाऊ.”

“माळावर कुनासाठी रडू? दगडासाठी?” ती म्हणाली. “ते काय गानं न्हाई. गानं कवाबी म्हनता येतं. म्हना म्हनलात तर जात्यावरची म्हनते, पाळन्याची म्हनते. हे तसं न्हाई. समोर मानूस पडल्याबिगर त्येचे सबूदच येत न्हाईत.”

“मग एखाद्या मयतीला मी येते.”

“दुसऱ्याच्या दुखात मशीन घिऊन?” तिनं मान हलवली. “माझ्या पोरीसाठी दुसऱ्याच्या दारात न्हाई, बाई. बरं दिसत न्हाई ते.”

वनितानं माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं नव्हतं का, अशा नजरेनं. त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. मनकर्णानं ते पाहिलं. कुशीवरचा हात काढला, पोरीच्या पाठीवर ठेवला.

“लई नड हाय व्हय गं?”

“त्याशिवाय छापणार नाहीत ते.”

मनकर्णा जरा वेळ अंगणाकडे बघत राहिली. आबांच्या बाजेकडे बघते आहे असं मला वाटलं. मग म्हणाली, “थोडं थांबा. शिमग्याच्या आत-बाहेर आपल्याच घरात गळा निघंल. तवा घ्या भरून. आपल्या घरचं असलं म्हंजी कुनाला इचारायला नको.”

मी रेकॉर्डर पुन्हा पर्समध्ये घातला. बाजेवरून आबा मात्र खदाखदा हसले, हसता हसता खोकले. “ऐकलं का मास्तरीणबाई? सून माझा मुहूर्त काढाय लागलीया!”

“आबा, तुमी गप पडा,” मनकर्णा म्हणाली. पण तीही हसली.

“आता का गप पडू? नातीचं नाव छापून यायचं तर म्हाताऱ्यानं येवढं तर कराय पायजे. बगा बाई, मी तयार हाय. वरच्यालाच सवड न्हाई.”

सगळेच हसलो. वनिताही, डोळे पुसत. माळावरचं ऊन, शेंगांची टरफलं, म्हाताऱ्याचं हसणं. इतकं साधं दिसत होतं ते सगळं.

मी निघाले तशी मनकर्णा कुंपणापर्यंत पोचवायला आली. वनिता मागं भांडी घासत होती.

“बाई, मशीन तुमच्यापाशीच ठिवा. पोरीच्या हातात दिऊ नका. त्या दिवशी तिला सुदरायचं न्हाई.”

“बरं.”

“आनि ते पुरं पायजे म्हनता, म्हंजी कुठवर?”

“म्हणजे…” मी शब्द शोधले. “मध्ये कुणी तोडलं नाही, कुणी थांबवलं नाही, सगळं शेवटपर्यंत आलं, म्हणजे पूर्ण.”

“कुनी थांबवायचं न्हाई?” तिला आश्चर्य वाटलं. “अवो, शेवट तर दुसरीच करती. आपला आपन करायचा नसतो.”

“ध्वनिमुद्रणासाठी, हो. सलग हवं.”

तिनं ‘बरं’ म्हटलं. कुंपणाच्या बाभळीला गुंतलेला लोकरीचा एक झुबका काढून बोटांत चोळत उभी राहिली. वळणावर मी मागं पाहिलं तेव्हाही ती तिथंच होती.

मग पौष गेला, माघ गेला. ज्वारी काढणीला आली. बुधवारच्या बैठकीत सोपान विचारायचा, “काय गं, आबा कसे हायत?” आणि वनिता म्हणायची, “मजेत. काल दोन भाकरी खाल्ल्या.” हे त्यांचं आपसातलं चेष्टेचं बोलणं होऊन बसलं होतं. एकदा तर आबांनीच शेजारच्या फोनवरून मला निरोप धाडला, की मास्तरीणबाईला सांगा, अजून हाय मी, घाई करू नका म्हणावं छापणाऱ्याला. संपादकांनी मुदत थोडी वाढवून दिली. मी वनिताकडून तळटीपा नीट करून घेतल्या, संदर्भांची यादी लावून घेतली. शेवटच्या पानावर ती लिहायची : ‘हेलाला शेवट नाही.’ मी खोडायचे. “विधान असं करू नये. ‘शेवट आढळला नाही’ असं म्हण.” ती पुन्हा तेच लिहायची.

शिमग्याच्या तोंडावर एका सकाळी मी कॉलेजच्या पायऱ्या चढत होते. सोपान धावत आला. धाप लागली होती.

“मॅडम, वनिताच्या घरी… वस्तीवरनं निरोप आलाय. चला.”

आबा गेले, माझ्या मनात आलं. गोड म्हातारा. मी रेकॉर्डर पर्समध्ये टाकला. खरं सांगते, तो टाकताना हात कचरला. पण मनकर्णानं स्वतः होऊन सांगितलेलं होतं. सोपाननं मोटारसायकल काढली. वाटभर तो गाडी दामटत राहिला.

कुंपणापाशी उतरले. अंगण बायकांनी भरलं होतं. लिंबाखाली बाज तशीच होती.

आणि बाजेवर आबा बसले होते.

उघड्या डोळ्यांनी, ताठ, उशीला टेकून. मला बघून त्यांची हनुवटी हलायला लागली. “पाळी माझी व्हती, बाई,” ते म्हणाले. “मधी घुसली ती. रांग मोडून गेली.”

मी उंबऱ्याशी जाऊन आत पाहिलं. मनकर्णाला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, जशी ती त्या दिवशी बसली होती तशीच. कपाळभर कुंकू. शेजारची पारूबाई माझ्या कानाशी लागली. पोटात गाठ होती. दिवाळी सरताच मिरजेला जाऊन दाखवून आली होती, पारूला बरोबर घेऊन. हाता-पाया पडून तिच्याकडून वचन घेतलं होतं. नवरा रानोमाळ मेंढरांमागं, म्हातारा अंथरुणाला, पोरीचं लिहिणं चाललेलं. कुणाला सांगायचं नाही.

मग मला कळलं, त्या दिवशी ती बाजेकडे बघत नव्हती. बाजेपलीकडं वाट होती, ओढ्याकडं जाणारी. मसणवट्याची. ती तिकडं बघत होती.

बिरूला, वनिताच्या वडिलांना, निरोप गेला होता. तो येईतो थांबायचं होतं. घर बायकांनी गच्च भरलेलं, आणि एकही गळा निघत नव्हता. मी असली शांतता कधी ऐकलेली नाही. पंचक्रोशीच्या मयतीला जिनं गळा दिला, ती गप्प बसून होती, आणि तिच्याकडं बघत बाकीच्या गप्प होत्या. सुरुवात नेहमी तिची असायची. आता कुणी करायची? म्हाताऱ्या एकमेकींकडं बघत होत्या. वनिता आईच्या पायाशी बसलेली, कोरडी. तिच्या हाताला कणीक वाळली होती.

पारूबाईनं मला कोपरानं ढोसलं. “मशीन लावा. तिनं सांगितलंया.”

“नको हो.”

“लावा. तिचा सबूद हाय.”

मी रेकॉर्डर काढला. बटण दाबलं. त्याचा तो तांबडा ठिपका लागला. वनितानं तो ठिपका पाहिला. माझ्याकडं पाहिलं. मग आईकडं वळली, आणि तिच्या आतून कुठून तरी, जमिनीखालच्या पाण्याचा यावा तसा आवाज आला.

“आये गं… माझ्या मनकर्णा आये…
समद्या वस्तीला गळा दिलास, आये,
तुझ्या दारात गळा न्हाई उरला गं…”

बायकांच्या अंगावरून सरसरून काटा गेला. तो आवाज मनकर्णाचाच होता, असं नंतर सगळ्या म्हणाल्या. मला तो आवाज माहीत नव्हता. मला माहीत होती तळटीपा लिहिणारी पोरगी. तिनं हाका मारल्या, आईच्या माहेरच्या नावानं, सासरच्या नावानं, मेंढरं तिला ओळखायची त्या शिळेनंसुद्धा. मग तिनं आईचे पाय धरून हलवले.

“दुखनं पदराच्या गाठीला बांधलंस, आये,
गाठ सोडून न्हाई दावलीस गं…
पोरगी पुस्तकं वाचीत बसली, आये,
तुझ्या तोंडावरचं न्हाई वाचलं गं…
आबाच्या उशाला बसून वाट बघितली, आये,
तू मागल्या दारानं गेलीस गं…”

अंगणातून म्हाताऱ्याचा हुंदका ऐकू आला. आता बायकाही फुटल्या होत्या, पण दबून, पदराचा बोळा तोंडात धरून, जणू तिच्या आवाजावर आपला आवाज पडू नये. ती हवालीवर आली.

“आबाचा तांब्या, पारूमावशे, तुझ्या हवाली गं…
काळ्या कानाची लंगडी मेंढी बाच्या हवाली…
चुलीतला इस्तू माझ्या हवाली गं…
आये, मला कुनाच्या हवाली केलंस,
येवढं सांगून जा गं…”

मला वाटलं, झालं. आता कुणी उठेल. पण ती तीच ओळ पुन्हा म्हणाली. पुन्हा म्हणाली. मला कुनाच्या हवाली. मला कुनाच्या हवाली. सूर तुटायला लागला. शब्द झिजत गेले, श्वास तेवढा राहिला. ती पुढं झुकायची, कपाळ आईच्या गुडघ्यावर आपटायची, मागं यायची, पुन्हा तेच. घशातून खरखर यायला लागली. आणि कुणीही जागचं हललं नाही. इतक्या बाया, आयाबाया, आज्या, सगळ्यांचे डोळे वाहत होते, सगळ्यांचे हात मांडीत, घट्ट धरून ठेवलेले.

“अहो, कुणी धरत का नाही तिला?” मी पारूबाईला म्हटलं.

पारूबाईनं माझ्या हातातल्या रेकॉर्डरकडं बोट केलं. रडत रडत म्हणाली, “मनकर्णानं घरोघर जाऊन सांगितलंया, आबाचं निमित्त करून. तांबडी बत्ती चालू हाय तवर पोरीला कुनी हात लावायचा न्हाई. मधी तोडायचं न्हाई. पोरीचं पुरं भरू द्या म्हनली.”

मी हातातल्या त्या तांबड्या ठिपक्याकडं बघत राहिले. मरणाच्या वाटेवर निघालेली बाई, पोटातली गाठ दाबत, दारोदार फिरून आपल्या लेकीला कुणी उराशी धरू नका, असं सांगत गेली होती. मी सांगितलेलं ते ‘सलग’ तिला पोरीला द्यायचं होतं.

“मला कुनाच्या हवाली…”

रेकॉर्डर मी जमिनीवर ठेवला. बंद करायचं सुचलं नाही. बायकांच्या पायांवरून, मांड्यांवरून वाट काढत गेले आणि त्या पोरीला मागून कवेत घेतलं. मला हेल येत नाही. आमच्याकडं रडायचं ते तोंड दाबून. पण तिचा प्रश्न इतका उघडा पडला होता, की त्याला उत्तर देण्यावाचून दुसरं काही शक्यच नव्हतं.

“माझ्या हवाली,” मी म्हटलं. “माझ्या हवाली गं. पुरे, बाई. पुरे.”

तिची मान माझ्या खांद्यावर पडली. आणि मग सगळ्या बायका एकदम उठल्या. इतका वेळ धरून ठेवलेले हात आमच्या दोघींवर येऊन पडले, पाठीवर, डोक्यावर, गालावर. कुणीतरी पाण्याचा तांब्या तिच्या ओठाला लावला.

बिरू आला तेव्हा दिवस कलला होता. त्यानंतरचं सांगत नाही.

मी त्या ध्वनिमुद्रणाचं नाव पुन्हा काढलं नाही. संपादकांना कळवून टाकलं, की निबंध या अंकात जमणार नाही. पण दिवस झाल्यावर वनिता कॉलेजात आली आणि सरळ विभागात येऊन माझ्यापुढं हात पसरला.

“द्या.”

“वनिता, नको गं. निबंधाचं काय एवढं? पुढं बघू.”

“पुढं कशाला? आईनं दिलंय ते.” तिचा आवाज अजून बसलेला होता. “घरी नाही ऐकता येणार, मॅडम. घरात तो आवाज काढायचा नाही. इथं बसून लिहिते.”

खिडकीशी बसून, कानाला हेडफोन लावून ती लिहीत गेली. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर सोपान आणि मी बसून राहिलो. तो बोरीच्या झाडाखालची वाळकी बोरं उगीच वेचत होता. दुपार उतरली तेव्हा तिनं हाक मारली.

कागद स्वच्छ होते. एकही ओळ खोडलेली नव्हती. शेवटच्या पानावर ‘मला कुनाच्या हवाली’ ही ओळ जितक्यांदा आली तितक्यांदा लिहिलेली. त्याच्याखाली : ‘दुसरी बाई : माझ्या हवाली. माझ्या हवाली गं. पुरे, बाई. पुरे.’ आणि त्याखाली एकच वाक्य. ‘हेलाचा शेवट गायिकेच्या तोंडून होत नाही.’

“तुमचं नाव घालू इथं?” तिनं विचारलं.

“नको.”

“नकोच,” ती म्हणाली. “तिथं नाव नसतंच. जी पुढं येईल ती.” कागद सारखे करत म्हणाली, “मी इतक्या मयतींना बसले, मॅडम, आणि मला वाटायचं, थांबवणारी बाई म्हणजे अडथळा. ती येते म्हणून पुढचं ऐकायला मिळत नाही. मी तिची ओळ कधी टिपूनच घेतली नाही.”

पहिल्या पानावर मात्र माझी लाल शाई तिनं मोडून काढली होती. ‘प्रस्तुत अभ्यासातील गायिका’ गेली होती. तिथं लिहिलं होतं, ‘माझी आई रडायची. फार चांगली रडायची.’ मी काही खोडलं नाही. संपादकांनीही नाही.

अंक पावसाळ्याच्या आधी आला. वनितानं मला वस्तीवर नेलं. ती पुढं, मी मागं, अंक तिनं पदरात धरलेला. आबा बाजेवरच होते. आणखी वाळलेले. चेष्टा सरलेली. आमच्याकडं बघून उठून बसायची धडपड केली.

“आलं का छापून?”

“आलं, आबा.”

“दाव.”

तिनं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पानावरून तळवा फिरवला, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“ह्यात कुठं हाय ती?”

वनितानं बोट ठेवलं. ‘गायिका : मनकर्णा बिरू लवटे आणि त्यांची मुलगी.’

“वाच की मंग.”

“आबा, घरात नाही वाचता येत ते. तुम्हाला ठाऊक आहे.”

“व्हय. इसरलो.” म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, “मनात वाच. मी बघतो.”

ती त्यांच्या बाजेशी खाली बसली. अंक मांडीवर घेतला आणि वाचायला लागली. ओठ मिटलेले, डोळे आणि बोट तेवढे ओळीवरून सरकत होते. लिंबाची पानं हलत नव्हती. म्हातारा पुढं वाकून तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होता. तिचे डोळे कुठं थांबतात, कुठं पळतात, श्वास कुठं अडतो. हाक गेली असावी, भांडण गेलं असावं. तिनं पान उलटलं. तिच्या गालावरून धार लागली. हनुवटीवरून ठिबकून कागदावर पडली. ती वाचतच राहिली.

मी उठणार होते. आबांनी हात वर करून मला थांबवलं.

मग तोच हात त्यांनी नातीच्या डोक्यावर ठेवला.

“माझ्या हवाली हाईस तू,” म्हातारा म्हणाला. “पुरं, पोरी. पुरं.”

वनिताचं बोट त्या वेळी हेलाच्या शेवटच्या ओळीवर होतं.